जुनी फाईल आहे का?

नमस्कार नाही, ‘बसा’ नाही, ‘काय काम आहे’ नाही. स्वारगेटच्या आसपास टायपिंगच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, “जुनी फाईल आहे का?” भाडेकरार करायचा असो, दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करायची असो, मुलीचा बायोडाटा असो किंवा सोसायटीच्या चेअरमनविरुद्ध उपनिबंधकांकडे तक्रार असो, प्रश्न हाच. ‘नाही’ म्हटलं की मशीनवरच्या ताईंचा चेहरा जरा पडतो, पण तेवढ्यापुरताच. “असू द्या, आमच्याकडे आहे,” असं म्हणत त्या डेस्कटॉपवर दाटीवाटीने बसलेल्या पिवळ्या फोल्डरांतून एकावर बरोब्बर टिचकी मारतात, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमची तक्रार पडद्यावर हजर. नाव तेवढं दुसऱ्याचं. चेअरमनही दुसरे. गाऱ्हाणं शब्दशः तुमचं.

ही दुकानं स्वारगेटलाच इतकी का फोफावली, हे स्टँडवर उभं राहिलं की कळतं. एसटीचं बसस्थानक, पीएमपीचा डेपो, तिची मुख्य कचेरी, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली मेट्रोही. भोर, सासवड, सातारा, सांगली, सोलापूर इकडून माणूस सकाळच्या गाडीने उतरतो तो बहुधा कुठल्यातरी कागदाच्या मागे. त्याला दुपारी साहेब जेवायला उठायच्या आत कचेरी गाठायची असते आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकी धरायची असते. अशा माणसाला भाषाशैलीची हौस परवडत नाही. त्याला तयार मजकूर लागतो, आणि तो गरम मिळाला तरी चालतो, गार मिळाला तरी चालतो.

दुकान म्हणजे एक गाळा. त्यात दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचा डबा, स्टॅम्पपॅड, आणि गणपतीच्या फोटोला खोचलेलं विजेचं बिल. भिंतीवर पुण्याच्या रीतीप्रमाणे पाटी: ‘मजकूर वाचून घेणे. प्रिंट निघाल्यावर निघालेली चूक गिऱ्हाइकाची.’ तिच्याखाली पेनाने वाढवलेलं, ‘अर्ज टाईप करून मिळेल. सुचवून मिळणार नाही.’ यातलं दुसरं विधान साफ खोटं आहे. दुकान चालतं ते सुचवण्यावरच.

एकदा त्या कीबोर्डाकडे निरखून बघा. ‘सी’ आणि ‘व्ही’ ही दोन अक्षरं पार पुसून गेलेली असतात. ‘एक्स’चा एक पाय शिल्लक असतो. ‘झेड’ शेवटच्या घटका मोजत असतो. ‘क्यू’ मात्र दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी होता तसा कोराकरकरीत. मराठी साहित्याचा या परिसरातला इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने पुराव्यादाखल हा कीबोर्ड जपून ठेवावा.

ताई मजकूर ओढत बसत नाहीत. शब्दावर दोन टिचक्या मारल्या की शब्द उचलला जातो, तीन मारल्या की परिच्छेद. डाव्या समासात एक टिचकी, की सबंध ओळ. कंट्रोल दाबून मारली की वाक्य. हे सगळं त्या शेजारणीशी फोनवर बोलता बोलता करतात, आणि फोनवरचा विषय अर्जात शिरत नाही, हे मला जास्त आश्चर्याचं वाटतं.

खरी मजा येते ती गिऱ्हाईक काकांनी माऊस हातात घेतल्यावर. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, नोकरीत असताना सक्तीने एमएस-सीआयटी केलेले आणि त्याचं सर्टिफिकेट अजून फाईलला लावून ठेवलेले. “थांबा ताई, एवढा एकच प्यारा वर घ्यायचाय. मी दाखवतो.” काका बाण ओळीच्या सुरुवातीला टेकवतात आणि ओढायला लागतात. ओळ संपेपर्यंत सगळं ठीक. मग बाण जरासा खाली उतरतो आणि पडदा आपणहून सरकायला लागतो. दुसरं पान काळवंडतं, मग चौथं, मग सातवं. काका बाण वर न्यायचा प्रयत्न करतात तसा तो जास्तच खाली पळतो. शेवटी अकराव्या पानावरची ‘आपला विश्वासू’ ही अक्षरं पकडली गेली की काका घाबरून बोट सोडतात आणि सुटकेच्या भरात स्पेसबार दाबतात. अकरा पानं अंतर्धान! काकांच्या तोंडून आवाज फुटत नाही. ताई भुवईदेखील न हलवता डाव्या हाताने कंट्रोल-झेड मारतात आणि फोनवर म्हणतात, “हां, बोल गं.”

काकांनी मनाला लावून घेऊ नये. हा अपघात थोरामोठ्यांच्या घरी झालेला आहे. अमेरिकेत पॅलो ऑल्टोला झेरॉक्स कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्प्सन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम केला. त्यात लिहायची अवस्था वेगळी आणि हुकूम सोडायची वेगळी. आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे विसरून कुणी इंग्रजीतला ‘एडिट’ हा निरुपद्रवी शब्द टाईप केला, तर यंत्र त्याचे चार हुकूम समजायचं: ‘ई’ म्हणजे सगळं निवडा, ‘डी’ म्हणजे खोडा, ‘आय’ म्हणजे आता नवीन घाला, आणि घालायचं काय, तर ‘टी’. सबंध लेख जाऊन पडद्यावर एकटा ‘टी’ उभा. म्हणजे दुरुस्त करायला बसावं आणि मजकुराचं तेरावं करून उठावं.

या अवस्थांवर सगळ्यात जास्त दात खाणारा माणूस त्याच प्रयोगशाळेत होता, लॅरी टेस्लर. त्याचा राग इतका पक्का की मोटारीच्या नंबरप्लेटवरही त्याने ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं. पुण्यात असता तर आरटीओने दंड केला असता, पण शेजाऱ्यांनी कौतुक केलं असतं. टेस्लर आणि टिम मॉट या दोघांना झेरॉक्सच्याच मालकीच्या एका पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेसाठी लेखनाचा प्रोग्रॅम करायचा होता. तिथले संपादक कात्रीने परिच्छेद कापायचे आणि गोंदाने दुसरीकडे चिकटवायचे. या दोघांनी त्यांना पडद्यावरची कात्री आणि पडद्यावरचा गोंद दिला. ‘जिप्सी’ हे त्या प्रोग्रॅमचं नाव. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेला, आणि १९८३ मध्ये आलेल्या ‘लिसा’ संगणकावर कट, कॉपी, पेस्टची बटणं एक्स, सी आणि व्ही अशी शेजारीशेजारी बसली. फुलीसारखा दिसतो म्हणून ‘एक्स’ कापायला. आणि मुद्रितशोधक मध्ये शब्द घालताना जी खूण करतात ती उलटी केल्यावर ‘व्ही’सारखी दिसते, म्हणून तो चिकटवायला. टेस्लर फेब्रुवारी २०२० मध्ये वारला. तेव्हाही स्वारगेटला कुठल्यातरी गाळ्यात त्याचं काम चालू असणार, आणि दुकानावर पाटी ‘झेरॉक्स’ हीच असणार. आत मशीन भलत्याच कंपनीचं असतं ही गोष्ट वेगळी.

अर्थात टेस्लरला जे पडद्यावर दिसलं ते नारायण पेठ, सदाशिव पेठेतल्या छापखान्यांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत लोक हातानेच करत होते. कात्री आणि डिंक घेऊन बसलेल्या उपसंपादकाला कुणी नावं ठेवली तरी दुसऱ्या दिवशीचा अंक त्याच्याच जिवावर निघायचा. खिळे जुळवायच्या काळात तर परिच्छेद हलवणं म्हणजे शिशाच्या ओळी दोन्ही हातांनी आवळून उचलणं. मध्येच शिंक आली की लेख जमिनीवर. नंतर संगणक आले तेव्हा जुन्या ऑपरेटरांनी वर्डस्टारचे मंत्र पाठ केले: कंट्रोल-के-बी म्हणजे इथून, के-के म्हणजे इथपर्यंत, के-सी म्हणजे नक्कल, के-व्ही म्हणजे मूळच हलवा. हे पाठ असणारा एखादा म्हातारा ऑपरेटर अजून भेटतो. तो माऊसला हात लावतो, पण मनातून त्याला तो बायकापोरांचा खेळ वाटतो.

इथवरचं जगात सगळीकडे सारखंच आहे. मराठी मजकूर उचलण्याला मात्र वेगळी छाती लागते.

कारण मराठीचे फॉन्ट. ‘श्री-लिपी’ हे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं अपत्य. सीडॅकही पुण्यातच, १९८८ साली सुरू झालेलं. त्यांचे ‘सुरेख’ आणि ‘योगेश’ तर घरातल्या मुलांसारखे वाढले. या मंडळींनी मराठी पडद्यावर आणि छापखान्यात आणली, हे उपकार मोठे. पण त्या काळात प्रत्येक घराण्याने अक्षरं आपापल्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली. त्यामुळे एका घराण्यातला मजकूर दुसऱ्या घराण्यात नेला की रोटी-बेटी व्यवहार मोडतो. ‘आपणास नम्र विनंती’ उचलून इमेलमध्ये टाकलं तर समोर येतात रोमन अक्षरं, टोप्या घातलेले परदेशी स्वर, आणि मध्येच एक पौंडाचं चिन्ह. अर्ज पाणीपट्टीचा असतो, पण वाचणाऱ्याला वाटतं स्वीडनहून खंडणीचं पत्र आलंय.

युनिकोडच्या पहिल्याच, १९९१ च्या आवृत्तीत देवनागरी होती. तेव्हापासून प्रत्येक अक्षराला कायमचा पत्ता मिळाला आणि हा गोंधळ मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण स्वारगेटच्या गाळ्यात अजून पेजमेकर हा पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम आहे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली, आणि इथल्या कारागिरांच्या मते त्यानंतर जगात सुधारणेला वाव उरला नाही. पत्रिका त्याच्यात, हँडबिल त्याच्यात, दशक्रियेचं कार्ड त्याच्यात. मग भाचा मोबाईलवर मजकूर टाईप करून व्हॉट्सॲपवर पाठवतो, ताई तो उचलून पेजमेकरात टाकतात, आणि तिथे उगवतात नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा. “तुमच्या भाच्याचा मजकूर चुकलाय,” ताई सांगतात. भाचा फोनवर म्हणतो, “त्यांचं मशीन जुनंय.” दोघांचंही बरोबर असतं, आणि पत्रिका पुन्हा हाताने टाईप होते.

जुन्या फॉन्टात आणखी एक गंमत. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करायची, म्हणजे ती स्वतंत्र नांदते. ‘विनंती अर्ज’मधला ‘विनंती’ घाईने उचलला की सुरुवातीची वेलांटी मागे राहते आणि शेजारच्या अर्जाच्या डोक्यावर जाऊन बसते. असा वेलांटीवाला अर्ज मी स्वतः पाहिला आहे, खाली गोल शिक्का आणि आवक क्रमांकासकट. युनिकोडात वेलांटी अशी एकटी भटकत नाही. तिथे ‘स्त्री’ हे एक अक्षर दिसलं तरी आत सहा तुकड्यांचा संसार असतो. मागून बॅकस्पेस मारत आलात तर तुकडा तुकडा गळत जातो, आधी वेलांटी, मग बाकीचं. समोरून डिलीट मारलंत तर अख्खी स्त्री एका फटक्यात नाहीशी. यावर जास्त बोलणं धोक्याचं आहे.

आणि शासन निर्णय! पीडीएफमधून जीआरचा एक परिच्छेद उचलून अर्जात घालून बघा. काने एकीकडे, रफार दुसरीकडे, जोडाक्षरांची फारकत झालेली. शासनाचा निर्णय सहजासहजी हलवता येत नाही, याचा अनुभव इतक्या स्वच्छ रूपात दुसरीकडे कुठे येत नसेल.

ताईंचं आवडतं अस्त्र म्हणजे ‘शोधा आणि बदला’. जुन्या फाईलमध्ये राम नावाचे गृहस्थ होते, नवे गिऱ्हाईक श्याम. एक बटण, सगळीकडे बदल, काम फत्ते. अर्ज होता एसटीत विसरलेल्या पिशवीचा. छापून आला तेव्हा अर्जदार ‘श्यामटेकडी’ला राहत होता आणि पिशवी ‘निमआश्याम’ गाडीत राहिली होती. खिडकीवरच्या माणसाने तो वाचला, चष्मा वर केला, आणि “कुठली गाडी म्हणालात?” एवढंच विचारलं.

बायोडाट्यात तर जुनी फाईल जिवंत माणसं मागे ठेवून जाते. नाव बदलतं, रास बदलते, नाडी बदलते, उंचीत इंचभर वाढ होते. ‘अपेक्षा: अनुरूप’ ही ओळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. आणि तळाला मामा राहून जातात. एका दुकानातल्या मूळ फाईलमध्ये कराडचे कुणी मामा आहेत. ते तिथे छापलेल्या कितीतरी मुलींचे मामा झाले आहेत. मुलाकडचे लोक चौकशीला कराडला फोन करत असतील, आणि मामाही आता सवयीने “मुलगी गुणाची आहे” असं सांगून टाकत असतील.

मुद्रांकाचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने शंभराच्या मुद्रांकावर होणारी कामं पाचशेच्या मुद्रांकावर नेली. कागद पाचशेचा आला, खिसा पाचशेने हलका झाला, आणि आत जुन्या फाईलमधून आलेलं वाक्य, ‘सदर शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून देतो की’. लिहून देणारा वाचत नाही, लिहून घेणारा वाचत नाही, साक्षीदार तर चहाला बाहेर गेलेले.

न वाचता नक्कल करण्याची ही खोड संगणकाने लावलेली नाही. पोथ्या लिहिणारे लेखनिक शेवटी स्पष्ट बजावून ठेवत की जसं पाहिलं तसं उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. दुकानातल्या पाटीत आणि यात फरक एवढाच की लेखनिक ते संस्कृतात लिहीत. अशा नकलांवर नकला होऊन ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले की पैठणला एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, मूळ पाठ शोधून शुद्ध प्रत करावी लागली. आणि काम संपल्यावर त्यांनी ताकीद दिली ती आजही कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही: या ग्रंथात जो कुणी आपली ओवी घुसडेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. त्यांच्या प्रतीला पासवर्ड नव्हता. शब्दाचा धाक पुरत होता.

आपल्याकडे नक्कल करणारा दोषी की न करणारा, याचा मात्र निकाल लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. तोच विद्यार्थी दुपारी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन कचेरीत जातो. स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या शब्दांत, दहा ओळींत नेमकी अडचण लिहिलेली. खिडकीतून अर्ज परत येतो: ‘विहित नमुन्यात नाही.’ इथे शंभर टक्के साम्य हवं. नव्व्याण्णव झालं तरी शेरा. मला विचाराल तर ताईंचं दुकान या दुसऱ्या नियमावर उभं आहे, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. स्वतंत्र लेखनाला सरकारदरबारी आवक क्रमांक मिळत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलं.

राहता राहिला प्रश्न कॉपी केलेला मजकूर मधल्या वेळात असतो कुठे. काकांचा समज असा की तो माऊसमध्ये असतो. म्हणून कॉपी केल्यावर ते माऊस हळू हलवतात, सांडू नये म्हणून. असतो तो क्लिपबोर्डवर, आणि तिथे साधारणपणे एकालाच जागा. पत्ता कॉपी केलात, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं “जरा तो आयएफएससी कोड घ्या”, की पत्ता गेला. २०१८ च्या अखेरीस विंडोज १० मध्ये सोय आली. विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की मागचे २५ तुकडे दिसतात, फक्त ती एकदा चालू करून ठेवावी लागते. वर्डमध्ये त्याहून जुनी आणि कुणीच वापरत नाही अशी एक सोय आहे: कंट्रोल-एफ३. ठिकठिकाणचे तुकडे कापत जायचं, ते एकापाठोपाठ एक साठत जातात, आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ३ मारलं की सगळे एका जागी, त्याच क्रमाने. तिचं नाव ‘स्पाइक’, म्हणजे कागद खोचून ठेवायचा खिळा. किराणा दुकानात बिलं खोचायची तार असते तीच. ही युक्ती एका ताईंना दाखवली तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मागच्या भिंतीवर बोट केलं. तिथे खरी तार होती, उधारीच्या चिठ्ठ्यांनी गच्च भरलेली. “ती आहे की,” त्या म्हणाल्या.

तेव्हा स्वारगेटला उतरून अर्ज करायचा झाला तर खुशाल करा; जुनी फाईल वापरा, लाज बाळगू नका. प्रिंट हातात आली की तळापासून वर वाचत या, कारण दुसऱ्याचे मामा तळालाच असतात. आणि निघताना एवढं बघा, की तुमची फाईलही आता त्या डेस्कटॉपवर ‘जुनी’ म्हणून पडली आहे. तुमचं गाऱ्हाणं उद्या दहा जणांच्या उपयोगी पडणार असेल तर पडू द्या. आधार नंबर, खाते नंबर आणि मोबाईल नंबर तेवढा ताईंकडून समोर उभं राहून खोडून घ्या. त्याचे त्या वेगळे पैसे लावत नाहीत.